इमारतीच्या विजेसाठी मोबाईल अ‍ॅप बनवताना : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, दापोली, कणकवली, मालवण या पट्ट्यातल्या सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि लॉजमालक आम्हाला विजेच्या अ‍ॅपबद्दल, म्हणजे इमारतीत सामाईक वीज कुठे आणि किती जाते ते दाखवणाऱ्या अ‍ॅपबद्दल विचारतात, तसे ते अ‍ॅप बनवू पाहणारे तरुण इंजिनिअरही विचारतात. दोघांचे प्रश्न निम्म्याहून अधिक सारखेच निघतात, म्हणून उत्तरं एकाच पानावर आहेत. तांत्रिक भाग नको असेल त्याने ती उत्तरं खुशाल ओलांडून पुढे जावं.

अ‍ॅप नेमकं कोणासाठी बनवायचं? चेअरमनसाठी की फ्लॅटधारकांसाठी?

ज्याचा हात स्विचवर असतो त्याच्यासाठी. बहुतेक इमारतींत हा माणूस म्हणजे वॉचमन किंवा सकाळ-संध्याकाळ येणारा पंपवाला. त्याच्याकडे जुना अँड्रॉइड असतो, त्याची काच तडकलेली असते, मेमरी गणपतीच्या व्हिडिओंनी भरलेली असते. अ‍ॅप त्याच्या फोनवर चाललं नाही, तर चेअरमनच्या नव्या फोनवर ते कितीही देखणं दिसो, विजेचं बिल होतं तिथेच राहतं.

त्याच्यानंतर सेक्रेटरी किंवा खजिनदार. त्यांना महिन्यातून दोनदा आकडे लागतात, एकदा बिल आल्यावर आणि एकदा मीटिंगच्या आदल्या रात्री. मग मुंबईत किंवा डोंबिवलीत राहणारे पदाधिकारी. त्यांना सगळं ठीक चाललंय एवढं कळलं तरी पुरतं. फ्लॅटधारक सर्वांत शेवटी. ते अ‍ॅप उतरवून घेतात, दोनदा उघडतात आणि विसरतात. त्यात त्यांचा दोष नाही, कॉमन मीटरवर, म्हणजे पंप, जिन्यातले दिवे, लिफ्ट यांच्या सामाईक मीटरवर, त्यांना करण्यासारखं काही नसतंच.

मग पहिल्या स्क्रीनवर काय असावं?

एक वाक्य. ‘आज सगळं नेहमीसारखं आहे’ किंवा ‘पंप सकाळपासून दोन तास चालू आहे, टाकी बघा’. त्याखाली कालचे युनिट आणि नेहमीचे युनिट, शेजारी शेजारी. बस्स.

नवशिक्या डिझायनरला पहिल्याच स्क्रीनवर गोल डायल आणि सात रंगांचा आलेख हवा असतो, कारण दाखवायला तो छान दिसतो. आलेख हवाच, पण तो दुसऱ्या स्क्रीनवर. ज्याला ‘हे का वाढलं?’ असा प्रश्न पडला तोच तिथे जाईल. आलेखातही रेघांपेक्षा दांड्या बऱ्या, आणि लाल-हिरव्या रंगावर सगळा अर्थ टांगू नका. लाल-हिरवा फरक न दिसणारे पुरुष आपल्याला वाटतात त्याहून बरेच जास्त आहेत. रंगासोबत ‘जास्त’, ‘कमी’ असे शब्द लिहा.

आमच्या कॉमन मीटरवर वीज खातो तो पंपच ना?

बहुतेकांना तसं वाटतं. कागदावर हिशेब मांडून बघू.

चार मजले, १६ बिऱ्हाडं, घरात सरासरी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर हे नेहमीचं प्रमाण. म्हणजे साडेआठ-नऊ हजार लिटर. वरची गळती धरून दहा हजार लिटर म्हणू. ते जमिनीखालच्या टाकीतून २० मीटर वर चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.५५ युनिट पुरतात. पंप, मोटर आणि पाइप मिळून कार्यक्षमता ३५ ते ४० टक्के धरली, तर दीड युनिटच्या आसपास. महिन्याचे ४५ युनिट.

आता जिन्यातले, पार्किंगमधले आणि गेटवरचे दिवे मोजा. २० वॉटच्या २० एलईडी ट्यूब संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जळत असतील, तर रोजचे ४.८ युनिट, महिन्याला १४४. पंपाच्या तिप्पट! आणि अजून जुन्या ४० वॉटच्या ट्यूब असतील तर चोक धरून प्रत्येकी ५० वॉटच्या वर जातात, म्हणजे हा आकडा अडीचपटीने वाढतो. लिफ्ट असेल तर तिचा कंट्रोलर, केबिनमधला दिवा आणि पंखा कोणी चढत-उतरत नसतानाही थोडं थोडं खातच असतात.

तरी बदनाम होतो पंप, कारण त्याचा आवाज येतो. म्हणून अ‍ॅपचं पहिलं काम म्हणजे कॉमन मीटरचा आकडा निदान पंप, दिवे आणि लिफ्ट असा तीन तुकड्यांत दाखवणं. एवढं झालं तरी मीटिंगमधला अर्धा वाद मिटतो.

दिव्यांसाठी एक सोपी गोष्ट अ‍ॅपला करता येते. रत्नागिरीत जूनअखेर सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. घड्याळी टायमर एकदा सहावर लावला की वर्षभर सहावरच राहतो. गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन अ‍ॅप रोजचा सूर्यास्त स्वतः काढू शकतं, त्यासाठी इंटरनेटही लागत नाही. पावसाळ्यात मळभामुळे लवकर अंधारतं, तेव्हा अर्धा तास अलीकडे घ्या.

पंपावर अ‍ॅपने लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं?

पाण्याचा मीटर असेल तर सोपं आहे. दर हजार लिटरमागे किती युनिट गेले, हा एक आकडा धरा. वर हिशेब मांडलेल्या इमारतीत तो ०.१५ च्या आसपास यायला हवा. पाव युनिटच्या वर जाऊ लागला की वायरमनला नाही, पंपवाल्या मिस्त्रीला बोलवा.

बहुतेक ठिकाणी पाण्याचा मीटर नसतो. तिथे टाकी भरायला लागणारा वेळ मोजा. टाकीतला खालचा फ्लोट (पाण्याच्या पातळीवर चालणारा स्विच) उचलल्यापासून वरचा फ्लोट लागेपर्यंतची मिनिटं. चाळीस मिनिटांत भरणारी टाकी दोन-तीन महिन्यांत हळूहळू पंचावन्नवर गेली, तर इम्पेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) झिजलाय, फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गळतोय किंवा सक्शनमध्ये हवा शिरतेय. हा बदल इतका संथ असतो की रोज पंप लावणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

आता कोकणातली गोम. इमारतीचं पाणी विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर एप्रिल-मेमध्ये पाण्याची पातळी खाली जाते आणि पाणी जास्त खोलवरून खेचावं लागतं. टाकी भरायला वेळ लागणं तेव्हा स्वाभाविक आहे. म्हणून मेची तुलना फेब्रुवारीशी करू नका, गेल्या मेशी करा. हे अ‍ॅपला आधीच शिकवलं नाही तर ते दर उन्हाळ्यात ‘पंप बिघडला’ म्हणून ओरडेल आणि तिसऱ्या वर्षी कोणी ऐकणार नाही.

पंप कोरडा फिरत असेल तर करंट नेहमीपेक्षा कमी होतो. थ्री फेज मोटरचा एक फेज गेला तर उरलेल्या फेजचा करंट चढतो. दोन्ही गोष्टी अ‍ॅपला दिसतात, पण मोटर वाचवणं अ‍ॅपवर सोडू नका. ते काम पॅनेलमधल्या ओव्हरलोड रिलेचं आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचं, करंट चढला किंवा फेज गेला की ते मोटर आपोआप बंद करतात. फोन खिशात वाजून माणूस धावेपर्यंत वाइंडिंग जळून गेलेलं असतं.

मुंबईत बसून मोबाईलवरून पंप चालू करता आला पाहिजे. करता येईल ना?

करता येतं. आम्ही करू देत नाही. बंद करायला हरकत नाही, चालू करायला आहे.

कारण साधं आहे. पंपाजवळ कोणी पाना घेऊन बसलंय की नाही, हे डोंबिवलीतून दिसत नाही. कोणाचा तरी हात कपलिंगजवळ असताना लांबून मोटर सुरू होणं परवडणारं नाही. अगदीच हवं असेल तर पॅनेलवर ‘इथून / बंद / मोबाईल’ असा तीन जागांचा स्विच लावा. काम करणारा माणूस तो ‘बंद’वर फिरवून चावी खिशात घालेल आणि मग फोनवरून कोणी कितीही दाबलं तरी पंप हलणार नाही. कुलूप पॅनेलवर हवं. ते सॉफ्टवेअरवर सोपवायचं नाही.

मीटरमधले आकडे अ‍ॅपमध्ये येतात कसे?

सर्वांत आधी, महावितरणच्या मीटरला हात लावायचा नाही. सील तोडणं, मीटरमध्ये काही घुसवणं हा वीज कायदा २००३ खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

चांगला मार्ग म्हणजे त्या मीटरनंतर, कॉमन बोर्डात, आपला स्वतःचा एनर्जी मीटर बसवणं. आरएस-४८५ पोर्ट असलेला आणि मॉडबस बोलणारा, म्हणजे वायरवरून आकडे बाहेर देणारा मीटर घ्या. पंप, दिवे आणि लिफ्टसाठी वेगवेगळे मीटर घेतले तर उत्तम. खर्च कमी करायचा तर वायरभोवती चिमट्यासारखे बसणारे सीटी (करंट मोजणारे सेन्सर) वापरा, वायर तोडावी लागत नाही. अचूकता थोडी कमी मिळते, पण ‘काल किती, आज किती’ याला ती पुरते.

मीटरवर लुकलुकणारा लाल दिवाही मोजता येतो. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ३२०० वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट. बाहेरून लावायचा प्रकाश-सेन्सर हे मोजतो. स्वतःच्या सबमीटरवर लावा, कंपनीच्या मीटरवर लावायचा असेल तर आधी विचारून घ्या.

नोंद दर १५ मिनिटांनी पुरते. दिवसाला ९६ नोंदी, वर्षाला ३५,०४०. इतका डेटा जुन्या फोनमध्येही मावतो. दर सेकंदाला आकडा हवा म्हणणाऱ्याला विचारा, त्या आकड्यावर तुम्ही काय करणार आहात?

नुसता मीटरचा फोटो काढून भागणार नाही का?

छोट्या इमारतीला भागतं. फक्त फोटोतून आकडा आपोआप वाचण्याच्या फार मागे लागू नका. मीटरचा डिस्प्ले आळीपाळीने युनिट, व्होल्टेज, कमाल मागणी असं दाखवत राहतो आणि फोटो नेमका भलत्याच आकड्याचा येतो. माणसाला आकडा टाइप करू द्या, फोटो पुरावा म्हणून सोबत ठेवा. आणि मागच्या वाचनापेक्षा कमी किंवा दहापट जास्त आकडा आला तर तिथल्या तिथे विचारा.

जून ते सप्टेंबर नेट नसतं, लाइट जाते. आकड्यांत खड्डे पडतात, त्याचं काय?

कोकणातल्या अ‍ॅपची परीक्षा इथेच होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, झाडं तारांवर येतात, टॉवरची बॅटरी उतरते. ‘इंटरनेट तपासा’ असा निरोप दाखवून हात वर करणारं अ‍ॅप इथे चार महिने निकामी.

पहिला नियम असा की, फरक साठवू नका, मीटरचं एकूण वाचन साठवा. ‘या १५ मिनिटांत ०.२ युनिट’ अशी नोंद हरवली की ती वीज हिशेबातून कायमची जाते. ‘मीटर आता ४८२१.६ वर’ अशी नोंद असेल, तर मधले दोन दिवस गायब झाले तरी एकूण आकडा बरोबर राहतो, फक्त कोणत्या तासाला किती गेले ते कळत नाही. मधला भाग आलेखात पुसट दाखवा आणि तिथे स्पष्ट लिहा की नोंद नाही. तिथे शून्य दाखवू नका. शून्य म्हणजे वीज वापरली नाही, नोंद नाही म्हणजे माहीत नाही. हे दोन एकच दिसले की खजिनदार महिन्याची सरासरी चुकीची काढतो.

दुसरा नियम, अ‍ॅपने आधी फोनमध्ये लिहायचं आणि नंतर जमेल तेव्हा वर पाठवायचं. वॉचमनने वाचन टाकलं की लगेच ‘नोंद झाली’ असं दिसलं पाहिजे, नेट असो वा नसो. एकाच मीटरची दोन वाचनं दोन फोनवरून आली तर एक पुसून दुसरं ठेवू नका, दोन्ही वेळेसह ठेवा.

तिसरं म्हणजे लाइट गेली की उपकरण बंद पडलं, हे वेगळं ओळखता यावं. गेटवेमध्ये, म्हणजे मीटरचे आकडे गोळा करून इंटरनेटवर पाठवणाऱ्या डब्यात, छोटी बॅटरी किंवा सुपरकॅपॅसिटर असेल तर वीज जाताच तो ‘वीज गेली’ एवढा शेवटचा निरोप पाठवून झोपतो. हा निरोप न येता उपकरण गप्प झालं, तर बिघाड.

उपकरण कुठे आणि कसं बसवावं?

जमिनीपासून उंच. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा पार्किंगमध्ये कमरेच्या उंचीला लावलेली मीटरं आणि पॅनेल पाण्याखाली गेली. गेटवे शक्य असेल तर पहिल्या मजल्यावर न्या.

डबा आयपी६५ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचा मारा आत न येऊ देणारा), वायर खालून आत जाणारी, वायरच्या भोकातला ग्लँड घट्ट. समुद्राजवळ खारी हवा तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढवते आणि जोड सैल पडतो, म्हणून वायरच्या टोकांना कथिल चढवलेले लग वापरा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. लांब केबल असेल तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्शन लावा. मेअखेरच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात आरएस-४८५ ची चिप जाणं हे इथे नेहमीचं आहे.

जांभ्याच्या जाड भिंती आणि मीटररूमचं लोखंडी दार वायफायला दाद देत नाहीत. केबल टाकता येत असेल तर केबलच टाका, आरएस-४८५ १२०० मीटरपर्यंत जातो. नसेल तर लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात त्याला परवाना लागत नाही आणि कमी वेगात का होईना, तो भिंतींतून पार होतो.

गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना दाखवावी, असं सगळे सांगतात. दाखवू ना?

टाकी भरायच्या वेळेला ती चालते, पण एकूण वापराला कोकणात ती तुलना फसवते, कारण इथली इमारत वर्षभर सारखी भरलेली नसते. निम्मे फ्लॅट मुंबईकरांचे असतात, कुलूपबंद. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी येतात आणि अचानक सगळे मजले जागे होतात. पाणी दुप्पट, लिफ्ट अखंड, गच्चीवर मंडप आणि माळा.

आणि गणपती तारखेला येत नाहीत. २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आले, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे ऑगस्ट २०२५ चं बिल ऑगस्ट २०२४ शेजारी ठेवलंत तर वापर उगाच उसळलेला दिसेल आणि सप्टेंबरला उगाच बचत झाल्यासारखं वाटेल. अ‍ॅपमध्ये पंचांगाची छोटी सारणी ठेवा. गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधीपासून विसर्जनापर्यंतचे दिवस ‘सणाचे’ म्हणून वेगळे काढा आणि त्यांची तुलना मागच्या गणपतीशीच करा. शिमग्यालाही तसंच.

यापेक्षाही बरं, सेक्रेटरीला आठवड्यातून एकदा एकच प्रश्न विचारा : सध्या किती बिऱ्हाडं राहताहेत? उत्तर अंदाजाने दिलं तरी चालतं. राहत्या बिऱ्हाडामागे युनिट हा आकडा महिन्याच्या आकड्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

आमचं गणपतीपुळ्याला लॉज आहे. आम्हाला हेच अ‍ॅप चालेल?

सांगाडा तोच, आकडे वेगळे. लॉजला ‘भरलेल्या खोलीमागे युनिट’ लागतं. रजिस्टरमधून रोज किती खोल्या लागल्या एवढं एक टाका, बाकी अ‍ॅप करेल.

दुसरा आकडा पहाटे ३ वाजताचा. ऐन पावसात, लॉज रिकामं असताना, पहाटे ३ ला किती वॉट चालू आहेत ते बघा. ५०० वॉट दिसले तर ते महिन्याला ३६० युनिट होतात, एकही पाहुणा नसताना. रिकाम्या खोल्यांतले फ्रिज, स्टँडबायवरचे टीव्ही, विसरलेला गीझर, बाहेरची पाटी असं काहीबाही त्यात सापडतं. आमच्या मते लॉजच्या अ‍ॅपमध्ये बाकी काही नसलं तरी हा एक आकडा असावा.

गीझरचा हिशेबही पाहुण्याला नाही, मालकाला दाखवा. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्धा युनिट जातो. दिवसभर चालू ठेवलेला गीझर तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवत बसतो.

एसीचं तापमान अ‍ॅपने ठरवून द्यावं का?

सुचवावं, लादू नये. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे स्टार लेबल देणारी बीईई, सांगते की एक अंश वर ठेवल्याने सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे खोलीतले एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात. पण किनाऱ्यावर त्रास उन्हापेक्षा दमटपणाचा. माणूस १८ लावतो तो घाम वाळत नाही म्हणून. त्याला ‘२६ आणि पंखा’ किंवा ‘ड्राय मोड’ सुचवा, तो ऐकतो. ‘वीज वाचवा’ असं सुचवलंत तर ऐकत नाही, खोलीचे पैसे त्याने भरलेले असतात.

अ‍ॅपमधलं बिल आणि आलेलं बिल तंतोतंत जुळायला हवं का?

जवळपास जुळावं, आणि का जुळलं नाही ते सांगता यावं. बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे भाग असतात. इंधन समायोजन दर महिन्याला बदलू शकतं, त्यामुळे आधीच पैशापर्यंत अचूक सांगणारं अ‍ॅप अंदाजालाच हिशेब म्हणतंय.

बनवणाऱ्यांसाठी : दर कोडमध्ये गाडू नका. वीज नियामक आयोगाचे आदेश येतात, दर बदलतात, कधी मध्येच सुधारित आदेश येतो. दरांची सारणी सर्व्हरवर ठेवा आणि प्रत्येक ओळीला ‘या तारखेपासून’ अशी तारीख द्या. जुनी बिलं जुन्याच दराने दिसली पाहिजेत. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात आणि बिलाचा महिना कॅलेंडरच्या महिन्याशी जुळत नाही, हेही लक्षात ठेवा. सोसायटीच्या सामाईक सोयींना घरगुती दर लागतो, लॉजला व्यावसायिक. नोंदणी करतानाच विचारून घ्या.

गच्चीवर सोलर आहे. लाइट गेली की तेही बंद पडतं. अ‍ॅप बिघडलंय का?

नाही. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाताखालच्या तारेत तुमची वीज वाहत राहील. अ‍ॅपने हे एका ओळीत सांगावं, कारण दर पावसाळ्यात हाच फोन येतो.

सोलर असेल तर तीन आकडे वेगळे दाखवा : किती बनली, किती आपणच वापरली, किती बाहेर गेली. १ किलोवॉटमागे वर्षाची सरासरी रोज ४ युनिटच्या आसपास धरतात, पण जुलैत ती बरीच खाली येते. वार्षिक सरासरीशी तुलना करून अ‍ॅपने जुलैत ‘पॅनेल धुवा’ म्हणू नये, तेव्हा पाऊसच धुतोय. फेब्रुवारी-मार्चमध्ये म्हणावं. आणि पॅनेलची चौकट गच्चीला किती घट्ट बांधलीय हे ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ पाहिलेल्या दापोली-मंडणगडकरांना विचारा.

सोसायटीने अजून बसवलं नसेल तर पीएम सूर्यघर योजनेत सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, ५०० किलोवॉटपर्यंत.

कोण किती वीज वापरतं त्याची यादी ग्रुपवर टाकली तर लोक सुधारतील?

भांडतील. आणि त्याहून वाईट म्हणजे, ‘फ्लॅट ३०४ : ० युनिट’ हे वाक्य कोणाच्या कामाचं आहे याचा विचार करा. घर चार महिने बंद आहे, मालक मुंबईला आहे, हे त्यातून उघड होतं. कोकणात फ्लॅटवार वापर हा चोराला दिलेला पत्ता ठरू शकतो. ज्याचा आकडा त्यालाच दिसावा. शेजाऱ्यांची तुलना हवीच असेल तर राहत्या घरांची सरासरी दाखवा, तीही निदान आठ-दहा घरं असतील तरच.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात घ्या. संमती मागतानाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद त्यात आहे, म्हणजे मराठी आलीच. ती सूचना वकिली मराठीत नको, घरच्यांना समजेल अशी लिहा.

दिवसाला किती सूचना पाठवाव्यात?

पाठवण्यासारखं काही नसेल तर एकही नाही. ‘शुभ सकाळ, आज वीज वाचवा’ पाठवणारं अ‍ॅप दुसऱ्या आठवड्यात म्यूट होतं आणि मग टाकी वाहत असल्याची सूचनाही त्याच्याबरोबर बुडते. जिच्यावर आत्ता उठून काहीतरी करायचं आहे, तेवढीच सूचना. बाकीचं आठवड्याच्या गोषवाऱ्यात.

स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप झोपवतात, म्हणून तातडीच्या सूचनेला एसएमएसचा आधार ठेवा. मराठी एसएमएस ७० अक्षरांत बसतो, इंग्रजीसारखा १६० मध्ये नाही, आणि काना-मात्राही त्यात वेगळे मोजले जातात. ‘टाकी भरली, पंप चालूच आहे. बंद करा.’ इतकं पुरे. व्यावसायिक एसएमएसचे साचे आधी डीएलटीवर, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, नोंदवावे लागतात, त्यासाठी वेळ धरून ठेवा.

मराठी स्क्रीन बनवताना काय बघायचं?

ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वेलांटी आणि उकार कापले जातात. बटणावर दोन ओळी बसतील अशी जागा ठेवा. वाचन टाकताना १२३ आणि इंग्रजी आकडे दोन्ही स्वीकारा, मीटरवर इंग्रजीच दिसतात. बटणं ४८ डीपीपेक्षा (डीपी हे अँड्रॉइड स्क्रीनवरचं माप) मोठी ठेवा, कारण पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन नीट चालत नाही.

यात एआय घालता येईल का?

येईल. आधी एक वर्षाचा स्वच्छ डेटा जमवा, मग बोलू.

अ‍ॅपमुळे किती टक्के बचत होईल?

अ‍ॅपमुळे शून्य. फूटव्हॉल्व्ह बदलला, दिव्यांचा टायमर सुधारला, गीझर बंद ठेवला तर जी होईल ती. अमेरिकेत ओपॉवर कंपनीने घरोघरी शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रकं पाठवली, त्यातून सरासरी २ टक्क्यांच्या आसपास बचत झाल्याचं अभ्यासात दिसलं. नुसती माहिती दाखवून एवढंच पदरात पडतं. ‘तीस टक्के हमखास’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला तो हमखास शब्द करारात लिहायला सांगा.

आमची इमारत आठ फ्लॅटची. एवढं सगळं लागेल का?

नाही. कॉमन बिल महिन्याला दोन-तीन हजारांच्या आत असेल तर उपकरणांवर पैसे घालू नका. दर रविवारी मीटरचा फोटो, एक वही किंवा साधी मोबाईल शीट, आणि दिव्यांना टायमर. मोठी इमारत, लिफ्ट, दोन पंप किंवा लॉज असेल तेव्हा मीटर बसवायचा विचार करा.

चाचणी कधी घ्यावी?

जुलैत. जानेवारीत कोणतंही अ‍ॅप चालतं. त्याही आधी कागदावर स्क्रीन काढून वॉचमनकाकांच्या हातात द्या आणि गप्प बसा. ते कुठे बोट ठेवतात ते बघा, समजावून सांगायला जाऊ नका.

बनवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला तर?

जाणारच आहे, म्हणून तसं धरूनच बनवून घ्या. सगळी वाचनं सीएसव्ही फाईलमध्ये (एक्सेलमध्ये उघडते ती) बाहेर काढता आली पाहिजेत, तेही खजिनदाराला स्वतःच्या फोनवरून. सर्व्हर, डोमेन आणि सिमकार्ड सोसायटीच्या नावावर हवं, कोणाच्या वैयक्तिक ईमेलवर नको. गेटवेमधलं सिम वर्षभर रिचार्जचं घ्या, नाहीतर ते नेमकं गणपतीत संपतं. पासवर्ड आणि वायरिंगचा नकाशा कागदावर लिहून सोसायटीच्या दप्तरात ठेवा, आणि नकाशाची एक प्रत पॅनेलच्या दाराला आतून, प्लॅस्टिकच्या पिशवीत लावा. पासवर्ड दाराला लावू नका.